खाऱ्या विहिरीचं घर विकताना

गाडी मलकापूरला जेमतेम थांबली. ह्यांनी ट्रंक वर चढवली, मी खिडकीतून वळकटी आत ढकलली, मुलं बापाच्या हाताला लोंबकळली, तोवर शिट्टी झालीसुद्धा. गाडी हलल्यावर हे दारात उभे राहून मला म्हणाले, "घराचं तू पाह्य." दुसरं काही बोलायला वेळच नव्हता. मी मान हलवली. डबे एकामागून एक निघून गेले आणि समोर नुसता रिकामा फलाट उरला.

मलकापुरात राहिलेली माझी माणसं आणि माझ्यासारखी तिथून उठून आलेली माणसं, दोघांनाही ही हकिकत तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे. भाचे मंडळी भेटली की हमखास विचारतात, "मामी, तुम्ही घराची जाहिरात खरंच टॉकीजमध्ये दिली होती का?" दिली होती. त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि न हसण्यासारखंही थोडं होतं. म्हणून एकदा सगळं ओळीनं लिहून काढते.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. हे कापसाच्या जिनात फिटर होते. जिन चालायचं ते हंगामापुरतं. कापसाच्या बैलबंड्या यायच्या थांबल्या की मशीनं बंद, आणि फिटर घरी. उरलेले महिने हे लोकांच्या सायकली, पंप, शिलाईच्या मशिनी दुरुस्त करत. मग त्यांच्या एका दोस्तानं पिंपरीहून कळवलं की इकडे नवे कारखाने निघताहेत, बारा महिने काम आहे, ये. हे गेले, आणि महिन्याभरात पत्र आलं की नोकरी पक्की झाली. कामगारांची एक घरबांधणी सोसायटी होत होती. त्यात दोन खोल्या मिळण्यासारख्या होत्या, पण दिवाळीच्या आत पैसे भरायला हवेत. म्हणजे दिवाळीच्या आत मलकापूरचं घर विकायला हवं. हे तिकडे चार माणसांत एक खोली करून राहत होते आणि नव्या नोकरीत रजा मागणं बरं दिसलं नसतं. तेव्हा 'घराचं तू पाह्य' याचा अर्थ मला पत्र वाचल्यावर पुरता कळला.

घर स्टेशनच्या अंगाला होतं. तीन खोल्या ओळीत, वर टिनं, पुढे ओटा, मागे अंगण, अंगणात कडुलिंब आणि विहीर. माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. त्यांनी जागा घेऊन हे घर बांधलं होतं. ते गेल्यावर घर सासूबाईंच्या नावावर झालं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. त्या तेव्हा साठीच्या असतील. मुलं दोन, अरुण आणि मंगला. मी धाडची. माझं माहेरचं बोलणं थोडं जालन्याकडे झुकणारं. आत्याबाईंची वऱ्हाडी मात्र अस्सल. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचं 'का'ऐवजी 'काऊन' ऐकून हसू यायचं. पुढे तेच माझ्या तोंडात बसलं.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. दलालाला बोलावलं. रामभाऊ दलाल म्हणून एक गृहस्थ होते, डोक्याला टोपी, हातात छत्री. त्यांनी घर पाहिलं, विहिरीत डोकावले, पोहऱ्यानं पाणी काढून ओंजळभर प्याले.

"आता पावसाचं पाणी उतरलं हाये. गोड लागते," ते म्हणाले. "विकाचं तं आताच विकून टाका. उन्हाळ्यात कोणी तोंड लावणार नाही याले. आन गिऱ्हाइकापुढं तुम्ही बोलू नका, म्हातारीलेबी बोलू देऊ नका."

आमच्या विहिरीचं पाणी खारं होतं. त्या बाजूच्या बऱ्याच विहिरींचं असतं. पावसाळ्यात चव झाकली जायची. फाल्गुन उजाडला की पाण्यात साबण फेसायचा नाही, डाळ शिजायची नाही. प्यायचं पाणी रेल्वे फाटकापलीकडच्या सार्वजनिक विहिरीवरून आणायचं.

रामभाऊंकडे गिऱ्हाईकही तयार होतं. एका व्यापाऱ्याला स्टेशनजवळ गोदाम हवं होतं. मधल्या दोन भिंती पाडल्या की त्याचं काम होणार होतं. भाव त्यानं पडेल सांगितला होता. मी म्हटलं, "एवढ्यात नाही जमणार. मी दुसरीकडे पाहते."

रामभाऊ छत्री उचलत म्हणाले, "पाहा ना. पण बाईच्या हातानं घर विकल्या जात नाही. ह्यायले रजा टाकून बोलवा."

ते बोलणं मला लागलं. मी मराठी सातवी पास होते, अक्षर चांगलं होतं, आणि घरातला बाजारहाट मीच करायची. भाजी विकत घेताना माणूस काय पाहतो हे मला कळत होतं. घर घेताना तो त्याहून वेगळं काय पाहणार? ह्यांना मी पोस्टकार्ड टाकलं की दलाल नको, मीच विकते. उलट टपाली उत्तर आलं, "तुला जमेल तसं कर." त्या एका ओळीचा मला केवढा आधार वाटला.

मग मी पाटीवजा एक फळी धुतली, गेरूनं रंगवली आणि वर चुन्यानं लिहिलं: हे घर विकणे आहे. आत चौकशी करावी. फळी दारावर ठोकली. दुपारपर्यंत आठ-दहा माणसं येऊन गेली, पण घर पाहायला एकही नाही. शेजारच्या वत्सलाबाई आत येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काऊन वो सुमनबाई, भाऊजी येऊन नाही राह्यले का आता?" मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. नवरा पुण्याकडे जाऊन बसला, बाई घर विकायला निघाली, म्हणजे त्यानं टाकलं असणार असा गावानं हिशेब जुळवला होता. किराणा दुकानात माझ्याकडे पाहून दोन बायका गप्प झाल्या. त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांची सगळी पत्रं पुन्हा वाचली, उगाचच.

दुसऱ्या दिवशी फळी उतरवली आणि खाली आणखी एक ओळ घातली: मालक नोकरीनिमित्त पुण्यास असल्यामुळे. तेवढ्यानं कुजबुज थांबली. जाहिरातीत पहिलं उत्तर लोकांच्या मनातल्या प्रश्नाचं द्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. माझी नात पुण्यात हल्ली ह्याच कामात आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, आम्हाला हे शिकायला दोन वर्षं लागली."

पण फळी वाचणार कोण? आमच्या गल्लीतून जाणारे. त्यांना घर घ्यायचं असतं तर आधीच घेतलं असतं. गावाच्या चारी बाजूंची, खेड्यापाड्यांतली माणसं एका ठिकाणी बसलेली कुठे सापडतील, याचा मी विचार करत होते. बाजारात सापडतात, पण तिथे कुणी थांबत नाही. आणि मग एकदम सुचलं. टॉकीज.

तेव्हा खेळ सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलला पडद्यावर जाहिरातीच्या काचा दाखवत. विडीच्या, कापडदुकानाच्या, दंतमंजनाच्या. त्याला स्लाइड म्हणत. मी मॅनेजरांना जाऊन विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "काच तुम्ही आणत असाल तं दाखवतो आठवडाभर. पण घराची स्लाइड आजवर कोणी देल्ली नाही." काच कशी करायची तेही त्यांनीच सांगितलं. एका जुन्या तसबिरीची काच मी मापात कापून आणली. चिमणीच्या ज्योतीवर धरून ती काजळीनं काळी केली आणि सुईनं त्यावर अक्षरं कोरली. जिथे सुई फिरे तिथून उजेड जाणार, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं. दोन काचा बिघडल्या. तिसरी साधली. 'घर विकणे आहे. तीन खोल्या, अंगण, विहीर. स्टेशनजवळ. दलाल नाही.' आणि खाली माझं नाव.

आत्याबाई ओट्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. फक्त काजळीनं माखलेली माझी बोटं पाहून म्हणाल्या, "तेल लावून पुस. साबणानं नाही निंघत."

पहिल्या दिवशी सहाच्या खेळाला मी त्यांना आणि मुलांना घेऊन गेले. आत्याबाई किती वर्षांनी टॉकीजमध्ये आल्या होत्या कोण जाणे. बाकावर पाय वर घेऊन बसल्या. विडीची काच गेली, कापडदुकानाची गेली, आणि मग माझी आली.  पडद्यावर एवढाली पांढरी अक्षरं उमटली, आणि एकही वाचता येईना. ऑपरेटरनं काच पाठीमागून घातली होती. सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी.

पुढच्या रांगांतून एकजण ओरडला, "उलटं हाये बे!" कुणी मान वाकडी करून वाचायला लागलं. 'विकणे' कुणाला तरी आधी सापडलं. "विकणे हाये, विकणे हाये," असा गलका झाला. "काय विकणे हाये?" "म्हैस असंन." मग अर्धी टॉकीज मिळून एकेक अक्षर सोडवायला लागली, शाळेत पाढे म्हणावे तशी. 'घर' सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी पदर तोंडावर घेऊन बसले होते. शेजारी आत्याबाई हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना तसं हसताना मी प्रथमच पाहिलं.

विडीची काच कुणाच्या लक्षात राहिली नसेल, पण उलटं घर साऱ्या गावाला पाठ झालं. मॅनेजरांनी दुसऱ्या दिवसापासून काच सुलटी लावली, पण त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारीच तीन माणसं घर पाहायला आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच.

मी ओटा सारवून घेतला होता, आतल्या भिंतींना चुना दिला होता. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बसायला सतरंजी, मग घर. कुठल्या खोलीत उन्हाळ्यात थंड वाटतं, पावसाची झड कुठून येते आणि कुठून येत नाही, हे मी सांगत असे. हायस्कूल किती पावलांवर ते मी स्वतः चालून मोजलं होतं. माणसं मान डोलवत. मग अंगणात येत, विहिरीत डोकावत आणि विचारत, "पाणी कसं हाये?"

मी काही बोलायच्या आत ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज येई, "खारं हाये. दाळ शिजत नाही."

गिऱ्हाईक पाणी चाखून पाही. "आता तं गोड लागते, मावशी."

"आता लागते. फाल्गुनात येजा."

एक गेला, दुसरा गेला. एका मास्तरांना घर इतकं आवडलं होतं की त्यांच्या बायकोनं चूल कुठे मांडायची तेही ठरवलं होतं. तेही गेले. आठवड्याभरात घर पसंत पडलेले असे सहाजण परतले. मी मनात धुमसत होते. माझी खात्री झाली की आत्याबाईंना घर सोडायचं नाही आणि तोंडानं नाही म्हणण्याऐवजी त्या असा डाव टाकताहेत. दसरा तोंडावर आला होता. ह्यांच्या पत्रात सोसायटीची तारीख दोनदा अधोरेखित केलेली होती.

मास्तर गेले त्या दुपारी आत्याबाई सुपात तूर पाखडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाले यायचं नसंल तं सरळ सांगा. पण असं लोकांना पळवून लावू नका."

त्यांनी सूप खाली ठेवलं. तुरीतून बोट फिरवत राहिल्या.

"ही जागा आमी बी पावसाळ्यातच घेतली," त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं पाणी चाखलं. विकणारा म्हणे, गोड हाये, बारा मयने गोड. चैतात कळलं. मंग वीस वर्षं म्या फाटकापलीकून पाणी आणलं. मालगाडी उभी राह्यली की डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तिच्या जायाची वाट पाहो. तुहा नवरा पोटात होता तवाबी. त्या माणसाचं नाव मले अजून याद हाये. तो मरून गेला असंन, पण पाण्याले जातानी रोज म्या त्याले याद केलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मले कोणी तसं याद करू नये, बाई."

 मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा ह्यांनी सायकलला दोन बाजूंनी डबे अडकवायची सोय केली होती. डोक्यावरून पाणी मी कधी आणलंच नव्हतं. खारं पाणी हे माझ्यासाठी घराचं एक वैगुण्य होतं. त्यांच्यासाठी ती वीस वर्षं होती.

त्याच दिवशी मी फळी परत रंगवली. खाली लिहिलं: विहिरीचे पाणी खारे आहे, भांड्यांस व अंगणास चालते. गोडे पाणी फाटकापलीकडे. टॉकीजची काचही नवी केली आणि त्यातही 'पाणी खारे' हे दोन शब्द घातले. गावाला आणखी एक विषय मिळाला. रामभाऊ दलाल मुद्दाम वाट वाकडी करून फळी वाचायला आले आणि म्हणाले, "बाई, आपल्याच घराचे दोष कोणी आपणच लिहिते हे म्या पह्यल्यांदाच पाह्यलं." मी त्यांना चहा दिला. दसरा झाला. आठ दिवस कुणीही आलं नाही. मला वाटलं, आपला शहाणपणा आपल्यालाच महागात पडला. सोसायटीच्या तारखेला दहा दिवस उरले तेव्हा मी हार मानली आणि रामभाऊंना निरोप पाठवला की सोमवारी तुमच्या व्यापाऱ्याला घेऊन या.

आणि आदल्याच दिवशी, रविवारी सकाळी, दारात एक बैलगाडी उभी राहिली. वडनेर भोलजीचे नारायणराव म्हणून शेतकरी, त्यांची बायको आणि दोन मुली. मुली हायस्कूलच्या वयाच्या. नारायणराव धिप्पाड आणि बोलायला सावकाश. त्यांना मुलींच्या शाळेसाठी गावात घर हवं होतं. बायको मुलींजवळ राहणार, नारायणराव गावी शेती पाहणार. त्यांनी घर पाहिलं, टिनं काठीनं वाजवून पाहिली, विहिरीशी गेले. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या गप्प होत्या. बाहेर फळीवर लिहिलेलंच होतं. नारायणरावांनी पाणी चाखलं आणि बायकोला पोहरा दिला. तिनंही चाखलं.

"खारंच हाये," ती म्हणाली. पावसाचं पाणी उतरलेलं असूनही तिला ती चव कळली होती.

"आमच्या वावरातल्या विहिरी अशाच हायेत," नारायणराव म्हणाले. "ह्या अंगाच्या साऱ्याच अशा. हे मले घरून निंघतानीच माहीत होतं. म्या मलकापुरात चार घरं पाह्यली, बाई. पह्यल्या तिघांनी म्हटलं, पाणी गोड हाये." त्यांनी बायकोच्या हातातला पोहरा काठावर ठेवला. "पाण्याचं खोटं बोलला तो टिनाचं, कागदाचं खरं बोलंन कशावरून?"

त्यांच्या बायकोनं आत्याबाईंजवळ बसून विचारलं, फाटकापलीकडच्या विहिरीवर गर्दी कधी नसते, रहाट कोणत्या बाजूचा हलका चालतो, बायका कशा आहेत. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. एखाद्या मुलीला सासरी पाठवताना सांगावं तसं बारीकसारीक सांगितलं. भावाला नारायणरावांनी फार ओढाताण केली नाही. मी सांगितलं त्याहून थोडा कमी त्यांनी दिला, व्यापाऱ्याहून बराच जास्त. सोमवारी रामभाऊ आले तेव्हा मी त्यांना चहाबरोबर ही बातमी दिली. त्यांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "विकल्या गेलं तं." एवढी कबुली मला पुरली.

हे एका दिवसासाठी आले, खरेदीखताच्या दिवशी. कचेरीत कारकुनानं दस्त वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे आत्याबाईंना विचारलं, "आजीबाई, घर राजीखुशीनं देऊन राह्यल्या ना? कोणाचा दाब नाही ना?"

तो प्रश्न ऐकला आणि मला एकदम जाणवलं. मी फळीवर लिहिलं होतं, पडद्यावर लिहिलं होतं, साऱ्या तालुक्याला घर दाखवलं होतं. आणि घर ज्यांच्या नावावर होतं त्यांना, ह्यांनी नाही की मी नाही, एकदाही नीट बसून विचारलं नव्हतं. पोरगा तिकडे गेला म्हणजे आई जाणारच, हे आम्ही धरून चाललो होतो. त्या दुपारी तुरीच्या सुपाजवळ मी विचारलं तेही रागानं, आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं.

आत्याबाईंनी कारकुनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुनेनं साऱ्या गावाले पुसलं," त्या म्हणाल्या, "मलेच पुसलं नाही." कारकुनाची लेखणी थांबली. ह्यांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी अंगठा पुढे केला. "पण राजी हावो मी. लावा शाई."

बाहेर पायरीवर मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं." त्या अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाल्या, "आता पुस मंग."

मी कचेरीच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून विचारलं, "आत्याबाई, आमच्यासंगं पुण्याले येता का?"

"हाव," त्या म्हणाल्या. "येतो."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. वत्सलाबाई स्टेशनवर आल्या होत्या, दशम्यांचं गाठोडं घेऊन. नारायणरावांच्या मुली ओट्यावर अभ्यासाला बसलेल्या मी शेवटच्या पाहिल्या. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घर बंद करून निघालो असतो तर आलं असतं.

इकडे चिंचवडला आमच्या सोसायटीच्या इमारतीत साताऱ्याचे, खानदेशातले, कोकणातले, सगळीकडचे लोक होते. पहिले काही महिने आत्याबाई जिन्यात कुणी भेटलं की म्हणत, "मी खालतं जाऊन येतो." आणि माणसं चमकून पाहत, की ही म्हातारी बाई पुरुषासारखं 'जातो, येतो' काय म्हणते. अरुणला शाळेत बाईंनी 'करून राह्यलो' लिहिलं म्हणून उभं केलं. तो घरी येऊन घुश्शात म्हणाला, आता मी असं बोलणार नाही. महिन्याभरात तो पक्का पुणेकर झाला. मीही ऑफिसं, बँका, रेशनची रांग इथे जपून बोलायला शिकले. घरात पाऊल टाकलं की चप्पल काढावी तशी ती भाषा काढून ठेवायची. आत्याबाई बदलल्या नाहीत. त्यांच्यापेक्षा जिनाच बदलला. समोरच्या साताऱ्याच्या काकू एक दिवस मुलाला हाक मारताना "काऊन रे" म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिथे आमचं अंगण नव्हतं, कडुलिंब नव्हता. उन्हाळ्यात मी धाडच्या बाजारातल्या आंब्यांची आठवण काढायची, हे जिनातल्या दोस्तांची. पण बारा महिने पगार येत होता. हे संध्याकाळी घरी असत. आणि खरं सांगायचं तर, स्वतः विकलेल्या घराच्या जोरावर उभं राहिलेलं घर म्हणून मला त्या दोन खोल्यांत चालताना पाय जरा जास्तच जमिनीला लागल्यासारखे वाटत.

मंगलाचं लग्न ठरलं तेव्हा आत्याबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. पत्रिकेचा मजकूर करायला हे रात्रीच्या जेवणाआधी कागद घेऊन बसले. वर लिहिलं, मूळ राहणार मलकापूर, जिल्हा बुलडाणा. मग थांबले. मी म्हटलं, आता तिथे आपलं काय आहे? अरुण म्हणाला, पण आपण तिथलेच ना. हे म्हणाले, मलकापूरचं लिहिलं नाही तर तिकडच्यांना वाटेल विसरले. लिहिलं तर इकडचे म्हणतील वीस वर्षं झाली तरी हे उपरेच. तास गेला तरी एक ओळ ठरेना.

आत्याबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं त्यांचा डोळा लागला आहे.

"लोकं जेवाले कुठी येतीन?" त्यांनी विचारलं.

"इथंच, आई. चिंचवडला."

"मंग तोच पत्ता टाक," त्या म्हणाल्या.

पत्रिका तशीच छापली. मलकापूरहून सतरा माणसं आली, धाडहून माझे दोन्ही भाऊ, वत्सलाबाई मुलाला घेऊन. दोन खोल्या, गच्ची आणि शेजारच्या तीन घरांत मिळून सगळे झोपले, आणि पहाटे उठल्यावर कोण कुणाच्या घरात आहे हे कुणालाच सांगता येईना.

आता आत्याबाई नाहीत, हेही थकले. मला अजून कुणी विचारतं की तुमचं गाव कोणतं, तर मी मलकापूरच सांगते. पण घर कुठे असं विचारलं तर चिंचवडचा पत्ता देते, तिसरा जिना, उजवीकडचं दार. तिकडे राहिलेल्यांपैकी आणि तिकडून निघालेल्यांपैकी जो कुणी हे वाचत असेल त्यानं हाच पत्ता समजावा. येणार असाल तर किती जण ते कळवा. न कळवता आलात तरी स्वयंपाक जरा जास्तच झालेला असतो.